नेम दहाचा, छर्रा चारवर!

रायफलीवरची दुर्बीण जितकी मोठी तितका नेम अचूक, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ऑलिम्पिकच्या रायफल स्पर्धेत दुर्बिणीला प्रवेशच नाही आणि जिथे आहे, तिथेही तिच्या भिंगांइतकेच महत्त्व तिच्या दोन लहानशा फिरक्यांना असते. रायफलीचा हा ‘डोळा’ कसा निवडतात आणि कसा जुळवतात, याचा हा वेध.

११ ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिम्पिकमधील दहा मीटर एअर रायफल स्पर्धेची अंतिम फेरी काही मिनिटांवर येऊन ठेपली होती. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९६ गुण मिळवून अभिनव बिंद्राने चौथ्या क्रमांकाने अंतिम फेरी गाठली होती. प्रत्यक्ष गुणांची नेमबाजी सुरू होण्यापूर्वी स्पर्धकांना सरावाचे काही छर्रे झाडण्याची मुभा असते. बिंद्राने नेम धरला, चाप ओढला आणि समोर आकडा आला तो चारचा! दहाच्या खाली क्वचितच उतरणाऱ्या नेमबाजासाठी हा धक्का होता. त्याच्या रायफलीच्या ‘साइट’ची, म्हणजे नेम धरण्याच्या यंत्रणेची, जुळणी बिघडलेली होती. ती कशी बिघडली, याची चर्चा पुढे बरीच झाली. त्या क्षणी मात्र बिंद्रापुढे एकच मार्ग होता. साइटच्या फिरक्या फिरवायच्या, पुन्हा छर्रा झाडायचा, पुन्हा फिरवायच्या. हाती असलेल्या मोजक्या वेळात त्याने जुळणी पूर्ववत केली. त्यानंतर दहा छर्‍यांत १०४.५ गुणांची कमाई करून आणि अखेरचा छर्रा १०.८ वर मारून त्याने भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. ही हकिकत बिंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रातही सांगितली आहे.

या प्रसंगामागचे गणित पाहिले, की नेमबाजी हा किती सूक्ष्म मापांचा खेळ आहे, हे ध्यानात येते. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ म्हणजे केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. चारवर लागलेला छर्रा या केंद्रापासून सुमारे दीड सेंटिमीटर दूर असतो. रायफलीच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर मागची साइट जेवढी सरकेल त्याच्या साडेबारा पट छर्रा टार्गेटवर सरकतो. म्हणजेच सव्वा मिलिमीटरची गफलत सुवर्णपदक हिरावून नेण्यास पुरेशी होती.

दुर्बिणीविना अचूकता

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ते पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करत विश्वविजेतेपद मिळवले होते. या दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या स्पर्धांत दृश्य मोठे करून दाखवणारी साइट वापरता येत नाही. दृष्टिदोष असलेल्या खेळाडूला चष्म्यासारख्या भिंगाची सवलत मिळते, एवढेच.

मग ५० मीटरवरील १०.४ मिलिमीटरचे वर्तुळ दिसते कसे? खरे तर ते दिसतच नाही. नेमबाजाला दिसतो तो ११ सेंटिमीटरहून थोडा मोठा काळा गोल. त्याच्या डोळ्याजवळ मागच्या साइटचे बारीक छिद्र असते आणि नळीच्या टोकाला पुढच्या साइटमध्ये एक कडे. छिद्रातून पाहायचे आणि कड्याच्या बरोबर मध्यभागी काळा गोल आणायचा. एका केंद्राभोवतीची ही वर्तुळे मानवी डोळा विलक्षण अचूकतेने ओळखतो. तबकडीच्या मध्यावर वाटी किंचित जरी एका बाजूला सरकली, तरी ते चटकन जाणवते, तसेच हे.

मागच्या छिद्राचे काम आणखी वेगळे आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. हाताच्या अंतरावरचे कडे आणि ५० मीटरवरचा गोल दोन्ही एकाच वेळी रेखीव दिसणे साध्या डोळ्याला शक्य नाही. बारीक छिद्रातून मात्र प्रकाशाचा अरुंद झोत आत येतो आणि जवळचे व दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसू लागते. चष्मा नसताना मुठीच्या फटीतून पाहिले की दूरची पाटी वाचता येते, त्यामागे हेच तत्त्व आहे. छिद्र फार मोठे ठेवले तर कडा पुसट होतात, फार लहान केले तर अंधारून येते. बहुतेक नेमबाज एक ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान आपले माप शोधतात आणि प्रकाशानुसार ते बदलतात.

पुढच्या कड्याची निवड करताना नवशिक्यांची हमखास चूक होते. कडे काळ्या गोलाला जितके घट्ट बसेल तितका नेम पक्का, असे त्यांना वाटते. परंतु कडे फार घट्ट असेल तर गोलाभोवतीची पांढरी किनार नाहीशी होते आणि गोल मध्यभागी आहे की नाही, हेच कळेनासे होते. शिवाय रायफल थोडी हलली तरी नेम सुटल्याचा भास होऊन चाप दाबण्यास विलंब होतो. पांढरी किनार स्वच्छ दिसेल एवढे मोकळे कडे अधिक भरवशाचे ठरते.

एका क्लिकची किंमत

साइट जुळवण्यासाठी दोन फिरक्या असतात. एक वर-खाली, दुसरी डावी-उजवी. फिरकी फिरवताना बोटांना ठरावीक अंतराने ‘टक्’ असा झटका जाणवतो. हीच ‘क्लिक’. साइट न पाहताही किती फिरवले हे मोजता यावे, हा तिचा उद्देश. नियम सोपा आहे. गोळी ज्या दिशेला जायला हवी, त्या दिशेला मागची साइट सरकवायची. वर दिलेल्या मापाच्या रायफलीत मागची साइट केसाच्या जाडीएवढी, म्हणजे एक दशांश मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटरहून अधिक सरकते.

जुळणीचे खरे आव्हान वारा असतो. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी ५० मीटर अंतर सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागात कापते. एवढ्या अल्प वेळातही ताशी दहा किलोमीटर वेगाचा आडवा वारा तिला अंदाजे दोन सेंटिमीटर बाजूला नेतो. नेम दहाचा, गोळी आठवर! म्हणूनच रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची दिशा दाखवणारे छोटे ध्वज लावलेले असतात. वारा स्थिर असेल तर क्लिक देऊन साइट बदलायची. तो सतत फिरत असेल तर ध्वज पुन्हा त्याच स्थितीत येईपर्यंत थांबायचे, किंवा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला अंदाजाने नेम धरायचा. कोणता पर्याय केव्हा निवडायचा, हे ठरवण्यातच नेमबाजाची वर्षे खर्ची पडतात.

थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन पवित्र्यांत गोळ्या झाडाव्या लागतात. प्रत्येक पवित्र्यात मानेचा कोन बदलतो, गालाचा दाब बदलतो, साहजिकच साइटची जुळणीही बदलते. कोणत्या पवित्र्याला किती क्लिक वर, किती खाली, याची नोंद नेमबाजाच्या वहीत असते. पॅरिसमध्ये पहिल्या दोन पवित्र्यांनंतर पदकाच्या कक्षेबाहेर असलेल्या कुसाळेने उभ्या पवित्र्यात तिसरे स्थान मिळवले. दोन पवित्र्यांमधल्या मोजक्या मिनिटांत रायफलीचे भाग बदलणे, साइट नव्याने लावणे आणि मनाची घडी न विस्कटू देणे, हे सारे करावे लागते.

दुर्बीण आली कुठून?

पन्नास मीटरवर हे जमले, हजार यार्डांवर काय? ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची १८६० मधील पहिली स्पर्धा विम्बल्डनला झाली आणि तिची पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. १८९० पासून या स्पर्धा सरे परगण्यातील बिस्ले येथे होतात. तेथील सर्वांत मानाच्या राजपारितोषिकाची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते आणि तीही दुर्बिणीविना, छिद्र आणि कड्याच्या साइटवर.

मात्र वाढत्या वयाबरोबर डोळे साथ देईनासे होतात. पुढच्या साइटचे कडे धूसर दिसू लागते आणि अनुभवी नेमबाजाला रायफल खाली ठेवावी लागते. कॅनडातील जॉर्ज फार्क्वर्सन या ज्येष्ठ नेमबाजाने यावर मार्ग सुचवला. दुर्बीण लावू द्या, रायफलीला आधार घेऊ द्या, पण अंतर आणि वारा तेच राहू द्या. त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून हा प्रकार ‘एफ क्लास’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि आज तो अनेक देशांत खेळला जातो. दुर्बिणीने येथे डोळ्याची अडचण दूर केली, वाऱ्याची नाही.

निवड कशी करावी?

दुर्बीण निवडताना ग्राहकाचे लक्ष प्रथम जाते ते ती दृश्य किती पट मोठे दाखवते याकडे. पण हा आकडा वाढला की तीन गोष्टी घटतात. दिसणारे क्षेत्र अरुंद होते, प्रतिमा काळवंडते आणि उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या लाटा इतक्या मोठ्या दिसतात की टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखे नाचू लागते. प्रतिमेच्या उजेडाचा हिशेब सोपा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दहा पटींवर ठेवली तर डोळ्यापर्यंत पाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत पोहोचतो, २५ पटींवर तो दोनच मिलिमीटर उरतो. डोळा जरा हलला की तो झोत निसटतो. म्हणूनच पट कमी-जास्त करता येणारी दुर्बीण सोयीची ठरते. हवा निवळ असेल तेव्हा पट वाढवायचे, उन्हाच्या लाटा उठल्या की कमी करायचे.

दुसरा प्रश्न फिरक्यांचा. दुर्बिणीतील क्लिक कोनात मोजली जाते. एका अंशाचे साठ भाग केले की एक कोनमिनिट होते. १०० मीटरवर एक कोनमिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर, १००० मीटरवर २९ सेंटिमीटर. अनेक दुर्बिणींत एका क्लिकला पाव कोनमिनिट, म्हणजे १०० मीटरवर जेमतेम सव्वासात मिलिमीटर सरकता येते. दुसरी पद्धत ‘मिल’ची. तिच्यात एक दशांश मिलची क्लिक १०० मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर असते. दशमान पद्धतीत वाढलेल्यांना ती सुलभ वाटते. पद्धत कोणतीही चालेल, मात्र दुर्बिणीतील आडव्या-उभ्या रेषांवरच्या खुणा आणि फिरक्या एकाच पद्धतीच्या हव्यात. एक मिलमध्ये आणि दुसरी कोनमिनिटात असेल, तर ऐन स्पर्धेत मनातल्या मनात गुणाकार करण्याची वेळ येते.

तिसरी बाब फिरकीच्या एकूण मर्यादेची. पॉइंट थ्री-झिरो-एट रायफलीची गोळी १००० यार्डांपर्यंत जाताना नळीच्या सरळ रेषेच्या आठ ते दहा मीटर खाली येते. १०० मीटरवर जुळवलेली दुर्बीण त्या अंतरासाठी १२० ते १५० क्लिक वर न्यावी लागते. सर्वच दुर्बिणींत एवढी जागा शिल्लक नसते. त्यावर उपाय म्हणून दुर्बिणीखाली पुढच्या बाजूला किंचित उतरती बैठक लावतात, जेणेकरून वर जाण्यास वाव मिळतो.

जुळणीचा क्रम

दुर्बीण बसवण्यापूर्वी रायफल रिकामी आहे ना, हे स्वतः पाहणे हा पहिला नियम. त्यानंतर दुर्बीण डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर राहील अशी बसवायची. जवळ बसवली तर गोळी सुटताना मागे येणारी रायफल भुवई फोडल्याशिवाय राहत नाही. मग रेषा सरळ उभ्या आहेत का, हे ओळंब्याच्या दोरीवर तपासायचे. हे क्षुल्लक वाटते, पण नऊ मीटर पडणाऱ्या गोळीसाठी रायफल एक अंश जरी कलली, तरी गोळी सुमारे १५ सेंटिमीटर बाजूला जाते. त्यामुळे लांब पल्ल्याचे नेमबाज रायफलीवर पाणसळ लावतात.

पुढची पायरी डोळ्याची. कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे पाहत, सूर्याच्या दिशेने कदापि नव्हे, आतल्या रेषा लख्ख दिसेपर्यंत डोळ्याजवळचे भिंग फिरवायचे. एकटक पाहत राहिल्यास डोळा स्वतःच तडजोड करतो, म्हणून क्षणभर पाहून नजर हटवायची. यानंतर बाजूची फिरकी अंतरानुसार लावायची. ती बरोबर लागली की नाही, हे ओळखण्याची युक्ती साधी आहे. रायफल आधारावर स्थिर ठेवून हात न लावता डोके किंचित वर-खाली करायचे. रेषा टार्गेटवरून सरकताना दिसल्या तर जुळणी चुकलेली आहे. बसच्या खिडकीतून पाहताना जवळचा खांब दूरच्या डोंगरावरून पळताना दिसतो, तोच हा प्रकार. तो दूर केला नाही, तर गाल टेकवण्यातल्या थोड्याशा फरकानेही नेम बदलतो.

आता प्रत्यक्ष गोळ्या. १०० मीटरवर एकाच नेमाने तीन ते पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यांच्या पुंजक्याचा मध्य शोधायचा. एकाच गोळीवर विसंबून फिरकी फिरवणे ही दुसरी हमखास चूक. त्या गोळीत रायफलीचा दोष किती आणि हाताचा किती, हे कळायला मार्गच नसतो. समजा, पुंजक्याचा मध्य सहा सेंटिमीटर खाली आणि तीन सेंटिमीटर उजवीकडे आहे. पाव कोनमिनिटाच्या फिरकीला आठ क्लिक वर आणि चार क्लिक डावीकडे द्यायच्या. पुन्हा पुंजका पाहायचा. मध्य जुळला की फिरकीवरचा आकडा शून्यावर आणून घट्ट करायचा. यालाच ‘झीरो’ करणे म्हणतात.

काम येथे संपत नाही. फिरकी ४० क्लिक वर नेऊन पुन्हा ४० क्लिक खाली आणल्यावर पुंजका जुन्याच जागी पडतो का, हे पाहणे अत्यावश्यक असते. तो पडत नसेल, तर भिंगे कितीही निर्मळ असली तरी ती दुर्बीण लांब पल्ल्यासाठी निरुपयोगी आहे. दुर्बिणीची किंमत मोजायची ती मुख्यतः या एका गुणासाठी, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

डोळा नाही, भान

साइट अचूक असूनही सारे गमावल्याचे उदाहरण ऑलिम्पिकच्या इतिहासात नोंदले गेले आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅट एमन्स तीन गुणांनी आघाडीवर होता. शेवटच्या एका गोळीत साधारण नेमही सुवर्णपदकाला पुरेसा होता. त्याची गोळी लागलीही, पण शेजारच्या स्पर्धकाच्या टार्गेटवर! त्या गोळीला शून्य गुण मिळाले आणि एमन्स थेट आठव्या क्रमांकावर फेकला गेला. एरवी तो प्रथम टार्गेटवरचा क्रमांक पाहून मग नजर खाली आणत असे. त्या वेळी मन शांत ठेवण्याच्या प्रयत्नात नजर सरळ काळ्या गोलावरच स्थिरावली. साइट जितकी बारीक, तितके तिच्या बाहेरचे जग नजरेआड होते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या स्पर्धांत पट वाढवलेल्या दुर्बिणीतून पाहणारे अनुभवी नेमबाजही प्रत्येक गोळीपूर्वी आपल्या टार्गेटचा क्रमांक तपासतात.

बीजिंग आणि अथेन्स यांतील फरक बोलका आहे. एकाची साइट बिघडली होती, पण तो ती दुरुस्त करू शकला. कारण किती फिरवल्याने काय होते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. दुसऱ्याची साइट निर्दोष होती, पण एक पायरी सुटली. यंत्र रायफल कोणत्या दिशेला रोखली आहे एवढेच सांगते. ती योग्य दिशा आहे की नाही, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही.

चौकट : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

- कुसाळेच्या पदकानंतर मुलांना नेमबाजीला घालू इच्छिणाऱ्या पालकांनी साहित्य खरेदीची घाई करू नये. सुरुवात रायफल क्लबच्या साहित्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावी.
- ऑलिम्पिक प्रकार खेळायचा असेल तर दुर्बिणीवर खर्च करण्याचे कारण नाही. छिद्र आणि कड्याच्या साइटचीच सवय करावी.
- डोळे आधी तपासून घ्यावेत. साइटचा दोष समजून महिनोन्‌महिने झगडल्यावर चष्म्याचा नंबर निघाल्याची उदाहरणे नवी नाहीत.
- प्रत्येक सरावानंतर अंतर, प्रकाश, वारा आणि क्लिक वहीत लिहावेत. साइट हलली, बदलली किंवा कुणी फिरवली, तरी परतीचा रस्ता त्या वहीतच असतो.